दुखत नाही, म्हणूनच दाखवा
तोंडाच्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या खुणा घरच्या घरी कशा ओळखाल?

वस्तीतला माणूस दवाखान्याची पायरी कधी चढतो? ताप भरला, पोटात कळ आली, दात ठणकायला लागला, की मग. काही दुखत नसताना रोज बुडवायचा, रिक्षाला पैसे घालायचे आणि केसपेपरच्या रांगेत उभे राहायचे, हे कुणाला परवडते? हा हिशेब पुष्कळ दुखण्यांना चालून जातो. तोंडाच्या कर्करोगाला मात्र चालत नाही. कारण हा आजार सुरुवातीला दुखतच नाही. ज्या महिन्यांत तो सहज बरा होऊ शकतो, त्या महिन्यांत माणूस जेवतो, कामावर जातो, रात्री शांत झोपतो. आणि दुखू लागतो तेव्हा बहुतेक वेळा आजार हाडापर्यंत किंवा मानेच्या गाठींपर्यंत पोचलेला असतो.

म्हणून या पानावरची एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे: तोंडातली जखम किंवा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर तो दुखत नसला तरी दाखवायचा. दुखत नसला तर जास्तच लवकर दाखवायचा.

आपल्या देशात पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांमध्ये ओठ आणि तोंडाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२२ सालासाठी काढलेल्या अंदाजानुसार भारतात स्त्री-पुरुष मिळून सुमारे १ लाख ४४ हजार नवे रुग्ण झाले आणि सुमारे ८० हजार माणसे या आजाराने गेली. यातल्या निम्म्याहून अधिक रुग्णांचा आजार डॉक्टरांसमोर येतो तोवर बराच पुढे गेलेला असतो. शरीराच्या आत खोल असलेल्या आजाराला यंत्रे लागतात. तोंड तर आरसा आणि मोबाईलचा टॉर्च एवढ्यावर दिसते. उघड्यावर असलेला हा आजार उशिरा सापडतो, ही खरी हळहळ करण्यासारखी गोष्ट आहे.

आपल्या घरात तंबाखू कुठे कुठे आहे?

सिगारेट-विडी डोळ्यांना दिसते, धूर नाकाला कळतो. आपल्याकडे जास्त तंबाखू जातो तो तोंडात, बिनधुराचा. २०१६-१७ च्या सरकारी सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील जवळजवळ दर चार माणसांत एक जण असा तंबाखू घेतो. स्त्रियांमध्ये हे प्रमाण साधारण सहा जणींत एक आहे.

विदर्भात खर्रा आहे, पश्चिम महाराष्ट्रात मावा आहे. तळहातावर चुना लावून मळलेला तंबाखू सगळीकडे आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी पुडी एकत्र करून तोच गुटखा तयार होतो, हे टपरीवर उभ्या असलेल्या शाळकरी पोरालाही माहीत असते.

आणि घराच्या आत मिश्री आहे. आपल्या कितीतरी आयाबाया दारूच्या घरात पाणीसुद्धा घेणार नाहीत, पण सकाळी मिश्री लावल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. "मला कसलंच व्यसन नाही, फक्त मिश्री लावते," असे त्या अगदी मनापासून सांगतात. मिश्री म्हणजे भाजून काळा केलेला तंबाखूच. तव्यावर भाजल्याने त्यातले विष जात नाही. दिवसातून चार-पाच वेळा ती हिरड्यांना लावली की हिरड्या आणि गाल तंबाखूतच भिजत राहतात.

हे व्यसन कशामुळे लागते, तेही पाहिले पाहिजे. गटारात किंवा कचऱ्याच्या गाडीवर काम करणारा माणूस वास मारण्यासाठी तंबाखू तोंडात धरतो. बांधकामावरची बाई भूक मारण्यासाठी मिश्री लावते. रात्रपाळीचा वॉचमन झोप उडवण्यासाठी खर्रा खातो. त्यांना नुसती दूषणे देऊन कुणाचे तोंड बरे होणार नाही. मात्र ज्या बाजूच्या गालात आपण वर्षानुवर्षे तंबाखू धरतो, त्याच गालात, त्याच हिरडीशी बहुधा हा कर्करोग उगवतो, हे त्यांना ठाऊक असायला हवे. आपल्या देशात गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत तो इतका आढळतो, याचे कारण हेच आहे. दारू आणि तंबाखू दोन्ही घेणाऱ्याचा धोका तर एकेकट्याच्या बेरजेपेक्षाही मोठा होतो.

'तोंड आलंय' की आणखी काही?

तोंडात काही झाले की आपण म्हणतो, "उष्णतेनं तोंड आलंय." मग मेडिकलमधून लाल गोळ्या आणायच्या, मध किंवा तूप लावायचे, आणि असेच दोन-तीन महिने काढायचे. साधे तोंड येणे आणि धोक्याची जखम यांत फरक आहे. तो समजून घ्या.

साधे तोंड येते तेव्हा बारीक, गोल फोड येतात. बहुधा एकापेक्षा जास्त असतात. पहिल्या दिवसापासून झोंबतात, तिखट खाववत नाही. आणि साधारण आठ-दहा दिवसांत आपोआप भरून येतात.

धोक्याची जखम बहुधा एकच असते. एकाच जागी राहते. तिच्या कडा बोटाला कडक, जाड लागतात. हात लावला तर कधी रक्त येते. सुरुवातीला दुखत नाही किंवा फारच थोडे दुखते. आणि दोन आठवडे झाले, तीन झाले, तरी ती भरत नाही.

टोकदार दात किंवा कवळी लागूनही जखम होते. अशा वेळी दात घासून घ्यावा, कवळी नीट बसवून घ्यावी. कारण दूर केल्यावरही जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर ती दाताची जखम म्हणून सोडून देऊ नका.

या खुणा ओळखा

* तोंडातली जखम दोन आठवड्यांहून अधिक काळ न भरणे.
* गालात, हिरडीवर किंवा जिभेवर पांढरा चट्टा. फडक्याने पुसून जात नाही तो.
* मखमलीसारखा लाल चट्टा, किंवा लाल-पांढरा मिसळलेला. असा चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा. यात एक दिवसही दवडू नका.
* गालात, ओठात किंवा जिभेत गाठ, जाडपणा, खरबरीतपणा.
* तिखट, गरम खाल्ले की संपूर्ण तोंडाची आग होणे आणि तोंड हळूहळू कमी उघडणे.
* मार न लागता किंवा कीड नसताना एखादा दात हलू लागणे. दात काढल्यावर तिथला खड्डा न भरणे.
* जीभ जड होणे, पूर्वीसारखी बाहेर न येणे, बोलणे बदलणे.
* ओठ किंवा हनुवटी बधिर होणे.
* गिळताना अडकणे, आवाज बसलेला राहणे, कानात काही नसताना एकाच बाजूचा कान दुखणे.
* जबड्याखाली किंवा मानेत न दुखणारी गाठ.

यातली एखादी खूण दिसली म्हणजे कर्करोग झालाच, असे नव्हे. पांढऱ्या चट्ट्यांपैकी बहुतेकांचा कर्करोग होत नाही. पण कोणता चट्टा निरुपद्रवी आणि कोणता नाही, हे आरशात पाहून ना आपल्याला कळते, ना शेजारणीला. ते डॉक्टरांनी तपासूनच कळते.

तीन बोटे जातात का?

अंगठ्याशेजारची तीन बोटे एकमेकांना चिकटवा, उभी धरा आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. मोठ्या माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे सहसा जातात. दोनच जात असतील, तर दाखवायची वेळ झाली आहे.

ही खूण विशेषतः सुपारीची. सुपारीने गालाची आतली कातडी कडक होत जाते, तिच्याखाली दोरीसारखे पट्टे तयार होतात आणि तोंड उघडेनासे होते. आधी पाणीपुरी तोंडात मावत नाही, मग भाकरीचा घास लहान करावा लागतो. खर्रा, मावा, गुटखा खाणाऱ्या विशी-पंचविशीतल्या मुलांमध्येही हे दिसते. असे तोंड कर्करोगाच्या वाटेवर असते.

"मी तंबाखू नाही खात, नुसती सुपारी खातो," हे म्हणणे म्हणूनच खोटा दिलासा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच सुपारीला, तंबाखू नसला तरी, माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातले. लग्नाच्या पंगतीत मुलांच्या हातावर गोड, रंगीत सुपारीची पुडी ठेवली जाते. त्याऐवजी बडीशेप ठेवा. चव तोंडाला लहानपणीच लागते.

दर पौर्णिमेला पाच मिनिटे

महिन्यातून एकदा तोंड तपासायचे म्हटले तर विसरायला होते. आपल्या घरांत पौर्णिमा लक्षात राहते, तोच दिवस धरा. लागते काय? आरसा, मोबाईलचा टॉर्च आणि धुतलेले हात.

आधी चूळ भरा, कवळी असेल तर काढून ठेवा. मिश्रीचा किंवा पानाचा डाग धुऊन निघू द्या.

१. आरशात चेहरा पाहा. एका बाजूला सूज आहे का? जबड्याखाली आणि मानेच्या दोन्ही बाजूंना बोटांनी चाचपून गाठ लागते का पाहा.
२. खालचा ओठ ओढून आतली बाजू पाहा, मग वरचा.
३. बोटाने गाल बाहेर ओढा आणि टॉर्च आत धरा. आधी एक गाल, मग दुसरा. गाल आणि हिरडीमधली खाच अगदी मागपर्यंत पाहा. तंबाखू धरता ती जागा दोनदा पाहा.
४. हिरड्या बाहेरून आणि आतून पाहा.
५. जीभ बाहेर काढा. स्वच्छ फडक्यात टोक धरून डावीकडे आणि उजवीकडे ओढा. जिभेच्या कडा मागपर्यंत दिसल्या पाहिजेत.
६. जीभ टाळूला लावून जिभेखालची जागा पाहा.
७. मान मागे करून टाळू पाहा.
८. शेवटी तीन बोटे.

म्हाताऱ्या माणसांना स्वतःचे नीट दिसत नाही. त्यांचे तोंड सुनेने, नातवाने पाहावे. विहारात महिला मंडळाच्या बैठकीत एकमेकींचे तोंड पाहून हे शिकता येते. एकदा हात बसला की पाच मिनिटेही लागत नाहीत.

असे साध्या नजरेने तोंड पाहून खरेच काही होते का? होते. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या तेरा पंचायतींत १९९६ पासून पस्तीस वर्षांवरील सुमारे दोन लाख माणसांना घेऊन एक मोठा अभ्यास झाला. काही पंचायतींत प्रशिक्षण घेतलेले आरोग्य कार्यकर्ते घरोघरी गेले आणि त्यांनी उजेडात नुसत्या डोळ्यांनी तोंडे तपासली. ते डॉक्टर नव्हते. संशय आला त्यांना पुढे डॉक्टरांकडे पाठवले. बाकी पंचायतींत अशी घरोघर तपासणी झाली नाही. २००५ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा दिसले, की तपासणी झालेल्या पंचायतींत तंबाखू किंवा दारू घेणाऱ्या माणसांमधले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते.

आपल्या महाराष्ट्रातही हे ज्ञान नवे नाही. पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ खेडुतांची तोंडे तपासून केलेला अभ्यास १९७२ मध्येच प्रसिद्ध झाला आहे. पन्नास वर्षे डॉक्टरांना ठाऊक असलेली गोष्ट आपल्या दारापर्यंत पोचायला आता उशीर नको.

दाखवायचे कुठे?

तीस वर्षांवरील प्रत्येकाची तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी करणे हा सरकारी आरोग्य कार्यक्रमाचा भाग आहे. आशाताई घरी फॉर्म भरायला आल्या, तर "आमच्याकडे कोणी आजारी नाही" म्हणून दार लावू नका. कोण तंबाखू खातो, कोण मिश्री लावते, खरे सांगा. त्या फॉर्मवरून पुढची तपासणी ठरते.

आपला दवाखाना, नागरी आरोग्य केंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र इथे आधी जा. शासकीय दंत महाविद्यालय किंवा जिल्हा रुग्णालय जवळ असेल, तर थेट तिथेही जाता येते. दातांचे डॉक्टर आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर, दोघेही तोंड तपासतात. नाक्यावरच्या डॉक्टरांनी तोंडात न पाहताच गोळ्या लिहिल्या, तर संकोच न करता म्हणा, "डॉक्टर, जरा टॉर्च लावून आत बघा. दोन आठवडे झाले, भरत नाही." हे सांगणे तुमचा हक्क आहे.

डॉक्टरांना शंका आली तर ते जखमेचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवतात. जागा बधिर करून हे काम काही मिनिटांत होते आणि बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते. "सुरी लागली की कॅन्सर पसरतो" ही भीती वस्त्यावस्त्यांत आहे आणि या भीतीने कितीतरी लोक अर्ध्यातून परत फिरतात. तुकडा काढल्याने कर्करोग पसरत नाही. तुकडा न काढता घालवलेल्या महिन्यांत पसरतो.

एक विनंती. तुकड्याचा रिपोर्ट घ्यायला नक्की जा. आणि "काही नाही" असा रिपोर्ट आल्यावरही डॉक्टरांनी पुन्हा बोलावले असेल तर तारीख चुकवू नका.

एक रोज की सहा महिने?

रोजंदारीवर जगणाऱ्या घरात हा प्रश्न खरा आहे. तपासणीला एक-दोन दिवसांचा रोज बुडतो. त्यापुढचा हिशेबही मांडून पाहू.

आजार लहान असताना सापडला तर पुष्कळदा एका शस्त्रक्रियेत काम होते. माणूस काही आठवड्यांत कामाला लागतो, जेवतो, बोलतो. आजार वाढला की जबड्याचे हाड काढावे लागते, मानेतल्या गाठी काढाव्या लागतात, छातीचे किंवा पायाचे मांस लावून गाल पुन्हा तयार करावा लागतो. त्यानंतर साधारण सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, शेक घ्यायला रुग्णालयात जावे लागते. काहींना इंजेक्शने वेगळी. रुग्णाचा रोज जातो आणि सोबत राहणाऱ्याचाही जातो. एवढे करूनही वाचण्याची खात्री कमी झालेली असते.

उपचाराच्या खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मिळतात आणि त्यांत कर्करोगाची शस्त्रक्रिया, शेक व केमोथेरपी येते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. माहितीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. मुंबईत परळचे टाटा रुग्णालय, नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरात शासकीय कर्करोग रुग्णालय अशी खास कर्करोगाची रुग्णालये आहेत. कागदपत्रे अपुरी आहेत म्हणून उपचार लांबवू नका. वस्तीतल्या शिकलेल्या मुलांनी अशा वेळी सोबत जावे. अर्ज भरून देणे, रांगेत उभे राहणे, योग्य खिडकी शोधणे, हीसुद्धा मोठी मदत असते.

सोडायचे कसे?

तंबाखू सोडल्यावर काही पांढरे चट्टे आपोआप कमी होतात. कडक झालेले तोंड पूर्ण पूर्ववत होत नाही, पण सुपारी थांबवली तर पुढचे नुकसान रोखता येते. उशीर झाला म्हणून सोडण्यात अर्थ नाही, असे कोणत्याही वयात म्हणू नये.

सोडण्याचा दिवस ठरवा आणि घरात सांगा. डबी, पुडी, चुन्याची डबी घराबाहेर जाऊ द्या. तलफ येते ती काही मिनिटांची असते. तेवढ्यात पाणी प्या, बडीशेप किंवा भाजलेले चणे चावा, जागेवरून उठा. पहिले काही दिवस चिडचिड होईल, झोप उडेल. तेव्हा घरच्यांनी टोमणे मारू नयेत.

मिश्री लावणाऱ्या बाया दोन अडचणी सांगतात. पहिली, "मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही." सवय तुटेपर्यंत हा त्रास होतो. सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि थोडे चालणे यांनी तो हळूहळू जातो. दुसरी, "मिश्रीनं दात दुखायचे थांबतात." मिश्रीने दात बरा होत नाही, दुखणे तेवढे झाकले जाते आणि कीड आत वाढतच राहते. दात दाखवा आणि ब्रशला हात घाला.

एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. फोन मोफत आहे आणि तंबाखू सोडायला तिथून सल्ला मिळतो. निकोटिनचे च्युइंगगम किंवा गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या.

घरातल्या माणसांना

या आजारात बरेचदा घरच्यांच्या आधी रुग्णालाच कळलेले असते. जिभेला काहीतरी खरखरीत लागते, बोट पुन्हा पुन्हा तिथे जाते. पण तो बोलत नाही. बाई बोलत नाही, कारण खर्च होईल. बाप बोलत नाही, कारण मुलीचे लग्न ठरले आहे. तरुण पोरगा बोलत नाही, कारण गुटखा खातो हे घरी कळेल.

म्हणून घरात विचारण्याची सवय लावा. कुणी अचानक तिखट सोडले, एकाच बाजूने चावू लागले, घास लहान झाला, बोलणे जड झाले, तर रागावू नका. जवळ बसवा, तोंड उघडायला सांगा आणि टॉर्च लावा. काही दिसले तर कॅलेंडरवर तारीख लिहा. चट्टा लाल असेल किंवा गाठ असेल तर थांबू नका, दुसऱ्याच दिवशी निघा. साधी जखम वाटत असेल तर चौदा दिवस मोजा. पंधराव्या दिवशी ती तिथेच असेल, तर दुखते का हे विचारत बसू नका. त्या माणसाचा हात धरा आणि दवाखान्यात घेऊन जा.